रुळांनीं वेढलेलें बेट

बेट म्हटलें कीं डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. चोहोंकडे पाणी आणि मध्यें जमीन, ही भूगोलाच्या पहिल्या पुस्तकांतील व्याख्या प्रत्येकानें पाठ केलेली असते. परंतु पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकास जुन्नर आणि आंबेगांव हे जे दोन तालुके आहेत, ते समुद्रापासून साठ-सत्तर मैल दूर असूनही एका अर्थानें बेटच आहेत. हें बेट पाण्यानें वेढलेलें नाहीं. तें लोखंडानें वेढलेलें आहे.

श्रोत्यांनीं महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्यावा आणि कल्याण स्टेशनावर बोट ठेवावें. तेथून आग्नेयेकडे निघालेला लोहमार्ग कर्जत, खंडाळा, लोणावळें करीत पुण्यास येतो. पुण्याहून तो पूर्वेस दौंडास जातो. दौंडास फांटा फुटतो, तो उत्तरेकडे अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, ओलांडून मनमाडास मिळतो. मनमाडाहून पश्चिमेस वळावें. नाशिक, इगतपुरी, कसारा करीत बोट पुन्हां कल्याणास येऊन ठेपतें. वर्तुळ पुरें झालें. आतां या वर्तुळाच्या आंत काय उरलें तें पाहावें. जुन्नर उरलें, आंबेगांव उरलें. खेड, अकोलें, संगमनेर, सिन्नर, पारनेर, मुरबाड हे तालुके, कांहीं सगळे तर कांहीं बरेचसे, आंतच राहिले. पूर्वेच्या कडेला पुणतांब्याहून शिर्डीस जाणारा एक लहानसा फांटा २००९ सालीं सुरू झाला, तेवढा सोडला तर या सबंध मुलखांत आगगाडीची शिटी ऐकूं येत नाहीं. कल्याणास आगगाडी आली १८५४ सालीं. बोरघाट खुला झाला १८६३ सालीं, थळघाट १८६५ सालीं. आणि दौंड-मनमाड रस्ता झाल्यावर, १८७८ सालीं, हें कडें बंद झालें. तेव्हांपासून दीडशें वर्षें होत आलीं. कडें बंद आहे आणि बेट बेटच आहे.

या गोष्टीचा चटका अधिक बसतो तो अशासाठीं कीं, हा मुलूख कांहीं मुळापासून आडवळणाचा नव्हता. एके काळीं तो महाराष्ट्राचा राजरस्ता होता. देश आणि कोंकण या दोन किनाऱ्यांस जोडणारी जी पहिली मोठी वाट, ती जुन्नरावरूनच जात होती. तिचें नांव नाणेघाट. खालीं मुरबाडच्या बाजूस वैशाखरें, वर जुन्नरच्या बाजूस घाटघर. मध्यें कातळांत खोदलेल्या पायऱ्या आणि उभ्या कड्यांमधील अरुंद खिंड. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच खिंडींतून वर चढून जुन्नरास येई आणि पुढें पैठणापर्यंत जाई. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी लोकांची समजूत आहे आणि घाटाचें नांवही लोक तिच्याशींच जोडतात.

समजूत बाजूस ठेवली तरी शिलालेख बाजूस ठेवतां येत नाहीं. घाटाच्या तोंडाशीं जें लेणें आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लांबलचक लेख कोरलेला आहे. तो इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील मानला जातो. राजा सातकर्णि आणि राणी यांनीं कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याचा त्यांत हिशेब आहे. हिंदुस्थानांतील अंकलेखनाचा इतिहास लिहिणाऱ्यांस या हिशेबांतील आंकड्यांपाशीं थांबावेंच लागतें, इतके ते जुने आहेत. त्याच लेण्यांत राजघराण्यांतील मंडळींच्या मूर्ति होत्या. आतां मूर्ति गेल्या. पायांचे अवशेष आणि वर कोरलेलीं नांवें राहिलीं. ज्या खिंडींतून रोज वाटसरू जात, तेथेंच राजघराण्यानें आपला लेख आणि आपल्या प्रतिमा ठेवाव्यात, यावरून त्या वाटेची योग्यता ध्यानांत यावी.

जुन्नरच्या सभोंवारच्या डोंगरांत दोनशेंवर लेणीं आहेत. लेण्याद्रि, मानमोडी, तुळजा हीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं. तीं कोणीं खोदविलीं हें तेथील लेख सांगतात. एका लेण्याचें आणि पाण्याच्या टांक्याचें दान धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें केलें आहे. कांहीं दाते स्वतःस यवन म्हणवितात. समुद्रापलीकडील माणूस जुन्नरास येऊन डोंगर कोरण्यासाठीं द्रव्य देतो, तें वाट चालू असल्यावांचून कसें घडेल? नाणेघाटाच्या बाजूस जीवधन, आणि त्या वाटेवर हडसर, चावंड, शिवनेरी असे किल्ले उभे राहिले. त्यांतील शिवनेरीवर १६३० सालीं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. वाटेचें मोल राज्यकर्त्यांस किती होतें, हें या किल्ल्यांच्या रांगेवरून कळतें.

मग आगगाडीनें ही वाट कां घेतली नाहीं? याचें उत्तर रागालोभांत नाहीं. तें चाकाच्या आणि रुळाच्या स्वभावांत आहे. पाठीवर गोणी घेतलेला बैल पायऱ्या चढतो. दमला तर उभा राहतो आणि पुन्हां चढतो. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावरून धावतें. सपाटीवर हाच त्याचा गुण, चढावर हाच त्याचा दोष. कारण चढ वाढला कीं चाक जागच्या जागीं घसरूं लागतें. सह्याद्रीचे घाट बांधतांना इंजिनियरांनीं फार तर सदतिसांत एक एवढाच चढ पत्करला, म्हणजे सदतीस फूट पुढें गेल्यावर एक फूट वर. या हिशेबानें दोन हजार फुटांचा कडा चढावयाचा तर चौदा मैल लांबीची वाट हवी, आणि ती वाट टेकण्यासाठीं डोंगराची लांब, उतरती सोंड हवी. नाणेघाटाचा आणि माळशेजचा कडा भिंतीसारखा सरळ उभा आहे. बैलास जी वाट जवळची, ती इंजिनास बंद.

बोरघाटास तशी सोंड सांपडली. तेथें सुमारें पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढ घेतला आहे. थळघाटाची चढण त्याहून कमी, ९७२ फूट. तरीसुद्धां ही कामें सोपीं नव्हतीं. बोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि सात वर्षें चाललें. पंचवीस बोगदे फोडावे लागले. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या डोंगरावर राबत होते, आणि पटकीच्या सांथींत त्यांतील किती तरी दगावले. सालोमन ट्रेडवेल या कंत्राटदारानें १८५९ सालीं काम हातीं घेतलें आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. पुढें त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें कंत्राट संभाळून तें तडीस नेलें. अशा प्रकारें सह्याद्रीस दोन दारें पडलीं. मुंबईच्या कापडाला, कापसाला आणि सैन्याला तीं दोन पुरेशीं वाटलीं. तिसऱ्या दाराची निकड मुंबईस नव्हती. ती जुन्नरास होती, आणि जुन्नरास विचारणार कोण?

परिणाम हळूहळू दिसून आला. आगगाडी जेथें गेली नाहीं तेथून व्यापार उठून गेला. घाटांतून चालणारे बैलांचे तांडे विरळ झाले. जुन्नरचा हातकागद एके काळीं पेशव्यांच्या दप्तरांत मानानें वापरला जात असे. यंत्राचा स्वस्त कागद गांठीगांठींनीं येऊं लागल्यावर त्या धंद्यास उतरती कळा लागली. शहर राहिलें, बाजार राहिला, गणपतीचीं दोन ठाणीं, ओझर आणि लेण्याद्रि, राहिलीं. परंतु वाटेवरचें गांव वाटेच्या बाजूस पडलें.

डोंगर मध्यें आला म्हणून दोन किनारे कायमचे तुटलेच पाहिजेत असें मात्र नाहीं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचें उदाहरण येथें पाहण्यासारखें आहे. त्या बेटाच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी आल्प्स नांवाचीच पर्वतरांग आहे. पूर्वेस कँटरबरीचें मैदान, गव्हाचें आणि मेंढ्यांचें. पश्चिमेच्या किनाऱ्यावर कोळसा, लांकूड आणि धोधो पाऊस. एका बाजूस धान्य, दुसऱ्या बाजूस इंधन, आणि मध्यें बर्फाचा डोंगर. दोहोंकडून रूळ डोंगराच्या पायथ्यापर्यंत आले आणि तेथें अडले. मधली खिंड उतारूंनीं घोड्यांच्या गाडींतून ओलांडावी असा क्रम कित्येक वर्षें चालला. १९०८ सालीं ओटिरा येथें बोगद्यास आरंभ झाला. कंत्राटदारास काम पेलेना, तेव्हां १९१२ सालीं सरकारनें तें आपल्याकडे घेतलें. मध्यें महायुद्ध आलें. अखेर १९२३ सालीं साडेआठ किलोमीटरांचा तो बोगदा खुला झाला. आंत चढ तेहतिसांत एक. धुरानें उतारू गुदमरूं नयेत म्हणून तेवढ्या टप्प्यांत आरंभापासूनच विजेचें इंजिन. काहीं लाख वस्तीच्या त्या बेटानें पंधरा वर्षें हें ओझें वाहिलें, कारण दोन किनारे एकमेकांवांचून अपुरे आहेत हें त्यास पटलें होतें.

जुन्नरच्या बेटासाठींही असे दोन विचार निघाले. एक पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर.

पूर्व-पश्चिम विचार म्हणजे जुन्या नाणेघाटाचाच नवा अवतार. कल्याणाहून मुरबाड, माळशेज घाट चढून जुन्नर तालुका, आणि पुढें अहमदनगर. माळशेजमधून मोटारीचा रस्ता गेला आहेच. त्याच दिशेनें रूळ जावेत अशी मागणी फार जुनी आहे. तिची पाहणी झाली, पुन्हां झाली. २०१६-१७ च्या रेल्वे अंदाजपत्रकांत कल्याण ते मुरबाड या सुमारें २८ किलोमीटरच्या तुकड्यास स्थान मिळालें. परंतु मुरबाड डोंगराच्या खालीं आहे. घाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रुळानें जुन्नरचें काय होणार? चढाचा, बोगद्यांचा आणि खर्चाचा खरा प्रश्न तेथून पुढेंच सुरू होतो.

दक्षिण-उत्तर विचार अधिक जवळ आला होता. आज पुण्याहून नाशिकास आगगाडीनें जावयाचें तर बोरघाट उतरून कल्याणास जावें लागतें आणि तेथून थळघाट चढावा लागतो. सह्याद्रि एकदां उतरावयाचा आणि पुन्हां चढावयाचा, केवळ दोन्ही गांवें डोंगराच्या एकाच बाजूस आहेत म्हणून! सडकेनें हीं दोन शहरें दोनशें किलोमीटरांहून थोडीं अधिक दूर. या वळशानें अंतर पावणेतीनशेंच्या घरांत जातें. म्हणून पुणें, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगांव, आळेफांटा, संगमनेर, सिन्नर, नाशिक असा सुमारें २३५ किलोमीटरांचा सरळ मार्ग आंखण्यांत आला. ताशीं दोनशें किलोमीटर वेगाच्या गाडीची ती योजना. खर्चाचा अंदाज सोळा हजार कोटि रुपयांचा. राज्य सरकारनें २०२१ सालीं तीस मान्यता दिली. मंचर म्हणजे आंबेगांव तालुक्याची बाजारपेठ, नारायणगांव म्हणजे जुन्नर तालुक्याची. बेटाच्या दक्षिण कांठापासून उत्तर कांठापर्यंत जाणारा रस्ता नकाशावर उमटला. मार्गावरील कांहीं गांवांत मोजणी झाली, खुंट रोंवले गेले, खरेदीखतेंही झालीं.

आणि येथें अशी अडचण उभी राहिली कीं, जी बोरघाटाच्या इंजिनियरांच्या स्वप्नांतही आली नसती. ती डोंगराची नव्हती, नदीची नव्हती. ती आकाशाची होती.

नारायणगांवच्या पूर्वेस खोडद नांवाचें गांव आहे. तेथें आणि आसपासच्या शिवारांत तारेच्या जाळीच्या तीस प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा थाळ्या मध्यभागीं दाटीनें, उरलेल्या सोळा तीन दिशांस पसरलेल्या. त्यांचा विस्तार सुमारें पंचवीस किलोमीटर. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय दुर्बीण, ज्योतिर्विद गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उतरलेली. ती प्रकाश पाहत नाहीं. ती ताऱ्यांकडून आणि दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकते. श्रोतेहो, हें भाषण ज्या जातीच्या लहरींवर बसून घरोघर पोंचतें, त्याच जातीच्या त्या लहरी. परंतु इतक्या क्षीण कीं जवळपास कोणी विजेची ठिणगी पाडली तरी त्या बुडून जाव्यात. २०२३ सालीं विश्वांत पसरलेल्या अतिमंद गुरुत्वलहरींचा पुरावा जगांतील निरनिराळ्या ज्योतिर्विदांच्या गटांनीं पुढें ठेवला, त्या कामांत खोडदच्या या दुर्बिणीचा वांटा होता.

विजेच्या आगगाडीचें डोक्यावरील तारेशीं सतत घर्षण होतें. तेथें ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी ही एक रेडिओलहरच असते. शिवाय गाडीबरोबर तिचीं संदेशयंत्रें आलीं आणि शेंकडों उतारूंचे दूरध्वनि आले. दुर्बिणीस बाधा येईल या कारणासाठीं नारायणगांवावरून जाणारा सरळ मार्ग योग्य नाहीं, असें केंद्रीय रेल्वेखात्यानें पुढें सांगितलें, आणि शिर्डी व अहिल्यानगर यांच्या बाजूनें जाणारा दुसरा मार्ग पुढें आला. जुन्नर आणि आंबेगांव येथील लोकांची मागणी अशी कीं, दुर्बिणीपासून दूर वळवून कां होईना, परंतु रूळ याच तालुक्यांतून न्यावेत.

येथें दोन्ही पक्षांस दोष देणें सोपें आहे आणि दोन्ही वेळां तें अन्यायाचें होईल. दुर्बिणीसाठीं खोडदची निवड झाली ती तेथील आकाश रेडिओच्या गोंगाटापासून मुक्त होतें म्हणून. भोंवतालच्या डोंगरांची आडोशाची भिंत हें त्याचें एक कारण; मोठे कारखाने आणि विजेचे रूळ नव्हते हें दुसरें. म्हणजे आगगाडी आली नाहीं म्हणून शांतता राहिली, शांतता राहिली म्हणून दुर्बीण आली, आणि दुर्बीण आली म्हणून आगगाडी माघारी वळली! न मिळालेल्या एका गोष्टीतूनच या मुलखास दुसरी एक जगांत नांव गाजविणारी गोष्ट मिळाली. आणि आतां तीच पहिलीच्या आड उभी आहे.

परंतु शेतकऱ्याचें गाऱ्हाणेंही ऐकलें पाहिजे. नारायणगांवच्या बाजारांत हंगामाच्या दिवसांत टोमॅटोचे क्रेट डोंगरासारखे रचलेले असतात. जुन्नरचीं द्राक्षें, मंचरचा कांदा-बटाटा, सर्व मालमोटारीवर चढतो. टोमॅटोस वाट पाहणें ठाऊक नाहीं. रस्ता एक दिवस अडला कीं भाव पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं तोच माल रस्त्याच्या कडेस ओतलेला दिसतो. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यांतील महादेव कोळी कुटुंबें हिरडा गोळा करून बाजारास आणतात. त्यांच्या मुलांस पुढील शिक्षणासाठीं पुणें गांठावें लागतें. त्यांच्या लेखीं लोहमार्ग म्हणजे वेगाचा डौल नव्हे. तो स्वस्त आणि वेळेवर होणारा प्रवास आहे.

आणि या मुलखानें देण्याच्या बाजूस हात आंखडलेला नाहीं. कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे, डिंभें अशीं धरणें झालीं. त्यांचें पाणी दूरच्या तालुक्यांपर्यंत गेलें. डिंभें धरणाच्या पाण्यांत तर खुद्द आंबेगांव हें मूळ गांवच बुडालें; तालुक्याचें नांव राहिलें, गांव जलाशयाच्या तळीं गेलें, आणि तालुक्याचा कारभार घोडेगांवांतून चालतो. ज्यांनीं पाण्यासाठीं गांव दिलें आणि ताऱ्यांसाठीं शांतता दिली, त्यांनीं आपल्या वांट्याचा एक लोहमार्ग मागितला तर त्यास हट्ट म्हणतां येणार नाहीं.

तरी मागणाऱ्यांनींही एक गोष्ट विसरूं नये. रूळ ज्या शिवारांतून जाणार तें बहुतेक बागायती आहे. धरणाच्या पाण्यावर दोन पिढ्यांनीं पिकविलेल्या जमिनीची पट्टी कापली जाईल, तेव्हां स्टेशनाजवळच्या माणसास सोय होईल आणि स्टेशनापासून दूर असलेल्यास केवळ भिंत मिळेल. ताशीं दोनशें किलोमीटरनें धावणारी गाडी प्रत्येक खेड्यांत थांबत नसते. टोमॅटोचा क्रेट तिच्यांत चढणार कीं नाहीं, पहाटेची गाडी विद्यार्थ्यास परवडणार कीं नाहीं, हे प्रश्न वेगाच्या आंकड्यांपेक्षां महत्त्वाचे आहेत, आणि ते आधीं विचारले गेले पाहिजेत. मंचरास न थांबणारी गाडी मंचरच्या माणसास माळशेजच्या घाटाइतकीच दूर.

सर्वांत वाईट स्थिति ती अनिश्चिततेची. ज्याच्या बांधावर खुंट रोंवला गेला त्यानें विहीर खणावी कीं नाहीं, द्राक्षाचा मांडव घालावा कीं नाहीं? डोंगर आडवा आला तर तो दिसतो. त्यास वळसा घालतां येतो. न दिलेलें उत्तर दिसत नाहीं, आणि त्यास वळसाही घालतां येत नाहीं. म्हणून रूळ येवोत वा न येवोत, येथून जावोत वा तेथून, परंतु त्या माणसास स्पष्ट आणि लौकर उत्तर मिळणें हा त्याचा पहिला हक्क आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो रांजण अजून आहे. पावसाळ्यांत तो पाण्यानें भरतो, उन्हाळ्यांत कोरडा पडतो. नाणें मात्र त्यांत कोणी टाकीत नाहीं. त्याच्याजवळ उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर खालीं कोंकणपट्टी पसरलेली दिसते. आणि पूर्वेस खोडदच्या थाळ्या आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं येथून जाणाऱ्या वाटसरूस राज्यानें वाट दिली आणि त्याच्याकडून जकात घेतली. जकात घ्यावयाची तर वाट दिली पाहिजे, हा त्या काळचा साधा व्यवहार होता. या बेटावरील माणसें आज त्याहून अधिक कांहीं मागत नाहींत.